देवाचा क्रोध कोणासाठी?

इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात तकोवा गावचा आमोस नावाचा मेंढपाळ उत्तरेकडील इस्राएल राज्यात गेला आणि तिथल्या श्रीमंतांना त्याने खडे बोल सुनावले. त्याचे आरोप थेट बाजारातले होते. मापात पाप, तराजूत खोट, पायतणाच्या एका जोडासाठी गरिबाची विक्री. देवाचा क्रोध भडकला होता तो यासाठी. पाप, दैवी क्रोध आणि तारण या ख्रिस्ती शिकवणीकडे मी आमोसापासून पाहतो, कारण हा क्रोध मुळात नाडलेल्यांच्या कैवारासाठी होता आणि पुढच्या काळात नेमके हेच पुन्हा पुन्हा विसरले गेले.

प्रेषित पौलाने सुमारे इ. स. ५७ मध्ये रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात या विचाराचा आवाका वाढवला. यहूदी असो की ग्रीक, सगळेच पापाच्या सत्तेखाली. सुटका होईल ती देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे. पौलाच्या लेखी क्रोध म्हणजे आकाशातून कोसळणारी वीज नव्हे. माणसाने जी वाट धरली त्या वाटेवर देव त्याला सोडून देतो, हाच क्रोध.

चौथ्या-पाचव्या शतकात धर्माचार्य ऑगस्टीनने हा विचार माणसाच्या मनात खोलवर नेला. सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीवर तो पानेच्या पाने लिहितो. रात्री मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती झोडपली. फळे काही फार चांगली नव्हती, घरी याहून सरस होती. बहुतेक डुकरांपुढे फेकली. मग चोरी का केली? चोरीचीच गोडी लागली होती म्हणून. या उत्तरातील प्रामाणिकपणा आजही हलवून सोडतो. याउलट, माणूस स्वतःच्या बळावर चांगले निवडू शकतो, असे त्याचा समकालीन पेलागियस म्हणत होता. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण नाकारली आणि आदामापासून चालत आलेल्या पापाचा सिद्धांत पश्चिमेकडे रुजला. पूर्वेकडच्या मंडळीने मात्र आदामाचा दोष प्रत्येक बालकाच्या माथी मारणे कधीच मान्य केले नाही. मला ऑगस्टीन फार मोठा वाटतो, पण त्याच्या कथेत एक माणूस जवळजवळ नाहीच: ज्याचे झाड लुटले गेले तो.

पापातून सुटका नेमकी होते कशी, हा पुढचा प्रश्न. ख्रिस्ताचे मरण ही सैतानाच्या कैदेतून माणसाला सोडवण्यासाठी दिलेली खंडणी, असे प्रारंभीच्या अनेक धर्माचार्यांचे मत होते. कँटरबरीच्या अँसेल्मने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात ते मोडीत काढले. सैतानाचा माणसावर हक्कच काय? पाप म्हणजे देवाचे देणे बुडवणे, त्याचा मान न राखणे. भरपाई माणसाने करायला हवी, पण तेवढी ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. मानापमानाचा हा हिशेब सरंजामी जगातला आहे, हे उघड दिसते. तरी त्याने ख्रिस्ताला शिक्षा भोगायला लावली, ही अँसेल्मवर होणारी टीका मला अन्यायाची वाटते. त्याच्याकडे ख्रिस्त शिक्षा भोगत नाही. भरपाई झाली की शिक्षेची गरजच उरत नाही. शिक्षाच ख्रिस्तावर लादली गेली, हा विचार ठसठशीत केला सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनने. तो कायदा शिकलेला होता. सरदाराच्या दरबारातला खटला असा फौजदारी न्यायालयात आला.

८ जुलै १७४१ रोजी कनेटिकटमधल्या एनफिल्ड इथे जोनाथन एडवर्ड्सने केलेले प्रवचन प्रसिद्ध आहे. आगीवर धरलेल्या कोळ्यासारखा पापी माणूस देवाच्या हाती लोंबकळतो आहे, असे चित्र त्याने उभे केले. लोक इतके विव्हळू लागले की त्याला मध्येच थांबावे लागले. याच एडवर्ड्सने दहा वर्षांपूर्वी न्यूपोर्टला जाऊन व्हीनस नावाची एक किशोरवयीन गुलाम मुलगी विकत घेतली होती. आमोसाने ज्या व्यवहारावर बोट ठेवले, तोच हा व्यवहार. नरकाची धग वर्णन करणाऱ्या वाणीला तो दिसला नाही, याचा मला मनस्वी राग येतो.

आपल्या पंडिता रमाबाईंनी मात्र या शिकवणीतून वेगळेच काही वेचले. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे १९०७ साली त्यांनी आपल्या श्रद्धेचा प्रवास लिहून प्रसिद्ध केला. स्त्री म्हणून स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाही, असे त्यांनी शास्त्रांत वाचले होते. सगळेच पापी आणि सगळ्यांचे तारण कृपेने, ही गोष्ट अशा बाईला अपमानाची का वाटावी? या शिकवणीमुळे ब्राह्मण पुरुष आणि टाकलेली विधवा एका पायरीवर येत होती. दुष्काळातल्या मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणणाऱ्या रमाबाईंच्या जगण्यात पापाची जाणीव आणि पीडितांची कणव यांची कधी फारकत झाली नाही.

कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत जेम्स कोन यांनी २०११ मध्ये वधस्तंभ आणि झुंडीने काळ्या माणसांना फाशी दिलेले झाड शेजारी शेजारी ठेवून पुस्तक लिहिले. क्रोध पुन्हा आमोसाच्या जागी आला. पण त्याबरोबर सर्वांत अवघड प्रश्नही आला. कृपा झुंडीतल्या माणसासाठीही आहे, असे ही श्रद्धा सांगते. मग त्याला क्षमा करताना देव, ज्याला लटकवले त्याला विचारतो का? ऑगस्टीनपासून कॅल्विनपर्यंत सारा हिशेब देव आणि पापी या दोघांतच मांडला गेला. तिसऱ्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय तारणाची कोणतीही मांडणी मला पुरी वाटत नाही.