उभे कसे राहावे?

पंढरीच्या देवाचे ध्यान डोळ्यांपुढे आणले की पहिली गोष्ट दिसते ती ही, की देव उभा आहे. गोकुळातला मुरलीधर एका पायावर दुसऱ्या पायाची अढी घालून तीन ठिकाणी वाकलेला असतो. तोच पंढरीत आला आणि विटेवर दोन्ही पाय सारखे ठेवून, कटीवर हात घेऊन सरळ राहिला. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. देव थांबला. म्हणजे हे उभे राहणे दुसऱ्यासाठी आहे. अशा देवाच्या भक्तांनी आपण कसे उभे राहतो याचा विचार करावा की नाही, हा आमचा आजचा प्रश्न.

कोणी म्हणेल, "अहो, आसने ही योग्यांची वाट, आपली वाट नामाची. देह आज आहे, उद्या नाही. त्याची पाठ सरळ की वाकडी हे बघत बसलो तर भजन कधी करायचं?" हा आक्षेप पोकळ नाही. आरशापुढे देह मिरवण्यासाठी केलेला योग आम्हालाही नको. पण ज्ञानोबारायांची गुरुपरंपरा नाथांची, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे वर्णन विस्ताराने आले आहे, हे कसे विसरावे? शिवाय आपली साधना बसल्या जागची कुठे आहे? आळंदीहून पंढरी पायी. कीर्तनात टाळकरी उभे. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून विणेकरी पाळीपाळीने उभे. आषाढीला दर्शनबारीत तर तासन्‌तास उभे.

उभे राहणे म्हणजे नुसते न बसणे नव्हे. आपण बहुतेक जण एका पायावर भार टाकतो, दुसरा ढिला सोडतो. पोट पुढे, मान खाली. मग पाय भरून येतात, कंबर धरते. गुडघे ताठ करून न हलता फार वेळ राहिले तर रक्त पायांत साठते आणि घेरीही येते. कारण पोटऱ्यांचे स्नायू हलले म्हणजेच ते रक्त वर ढकलले जाते.

यावर ताडासनाचा अभ्यास सोपा आहे. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आसनांचा आरंभ याच आसनाने केला. दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा; प्रत्येक पावलात तो टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तिन्हींवर वाटावा. गुडघे सरळ, पण मागे दाबलेले नकोत. पाठीचा कणा वर ताणलेला, खांदे सैल, हनुवटी समतल, श्वास संथ. हे जमले की एका पायावरचे वृक्षासन करावे. घेरंडसंहितेतल्या बत्तीस आसनांत ते आहे. वृद्धांनी भिंत धरूनच करावे. चक्कर येणाऱ्यांनी वैद्याला विचारल्यावाचून करू नये.

यात एक गंमत आहे. आपण कितीही निश्चल उभे राहिलो तरी शरीर बारीक डुलतच असते. डोळे, कानाच्या आतील इंद्रिय आणि पायांची जाणीव ही तिन्ही मिळून त्याला क्षणोक्षणी मध्यावर आणतात. तोल म्हणजे न हलणे नव्हे. हललो की परत येणे. मनाचेही तसेच. राग आलाच नाही असा माणूस विरळा. पण आलेल्या रागातून लवकर परतणे अभ्यासाने साधते. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखाचे असावे असे सांगून, ते साधण्यासाठी प्रयत्न सैल करायला सांगितले. ताठा म्हणजे स्थिरता नव्हे, हेच त्यांनी त्यातून शिकवले.

आता बारीतली गोष्ट पाहा. मागून धक्का येतो. ज्याचा भार आधीच पुढच्याच्या पाठीवर आहे, तो तसाच पुढे कोसळतो, आणि धक्का वाढत वाढत एखाद्या म्हातारीपर्यंत जातो. ज्याचा तोल स्वतःपाशी आहे, तो मात्र किंचित हलतो आणि सावरतो. धक्का त्याच्यापाशी जिरतो. घरात, गावात, भावकीत हेच चालते. वरच्याने अपमान केला की आपण तो खालच्याला देतो. आलेला धक्का पुढे न देणे, हीच आमच्या मते सरळ उभे राहण्याची नीती.

मग ज्याला उभेच राहता येत नाही, तो उणा काय? मुळीच नव्हे. पैठणचा कूर्मदास हातापायांनी पंगू होता. तो देह फरपटत लऊळपर्यंत आला, पुढे येववेना. तेव्हा देवच विटेवरून उतरून त्याच्याकडे गेला, असे संतचरित्र सांगते. तेव्हा सरळ पाठ हे पुण्य नव्हे. ते एक भांडवल आहे, आणि भांडवल कशात घालायचे हे आपल्या हाती. ज्याला देवाने धड पाय दिले त्याने असे उभे राहावे, की शेजारच्या थकलेल्याला खांदा धरता यावा.

सकाळी तुळशीपुढे हात जोडाल तेव्हा एवढेच करा, माउली: दोन्ही पायांवर सारखा भार द्या, आणि मग नाम घ्या.