थोर कोण? माप कोणते?

सज्जनहो, वारीच्या विसाव्यावर भाकरी सुटली की तरुण मंडळींत एक वाद हमखास रंगतो. कुस्तीतला सर्वांत थोर मल्ल कोण? कोणी गामा म्हणतो, कोणी खाशाबा जाधव म्हणतो, आणि आवाज चढत जातो. प्रश्न आखाड्याचा असला तरी तो परमार्थाच्या अंगणातही येतो, म्हणून त्याचा थोडा विचार करू.

गामाची कीर्ती अजिंक्य मल्ल म्हणून. 1910 साली लंडनला झिबिस्को त्याच्यापुढे अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक पालथाच पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढे 1928 साली पतियाळाला त्याच झिबिस्कोला गामाने मिनिटाच्या आत चीत केले. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, सहावे आले. गावोगावी वर्गणी जमवून 1952 साली हेलसिंकीला गेले आणि 57 किलो वजनी गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता यांत थोर कोण? ‘कधी हरला नाही तो थोर’ हे माप धरले, तर खाशाबांचा सहावा क्रमांक उणा ठरतो. ‘कुठून निघाला आणि कुठवर चढला’ हे माप धरले, तर तोच सहावा क्रमांक थोरवीची पहिली पायरी ठरतो. घटना एकच, माप बदलले की निकाल बदलतो. शिवाय दोघांच्या वजनात, काळात आणि नियमांत मोठे अंतर. कुस्तीत वजनी गट आले ते बरोबरीच्याची गाठ बरोबरीच्याशी पडावी म्हणून. जे आखाड्याला कळले ते आपल्या जिभेला कळू नये काय?

येथे कोणी शंका घेईल, ‘मग तुलनाच करू नये. सगळेच थोर म्हणावे.’ हेही खरे नव्हे. हेलसिंकीला खाशाबांच्या पुढे दोघे होते. सुवर्ण जपानच्या इशीला मिळाले. ते लपवल्याने खाशाबांचा मान वाढत नाही. त्या दिवशी कोण जिंकला, हे पंच सांगू शकतो. सर्व काळांत थोर कोण, हे सांगायला पंच नाही. पहिल्या प्रश्नाची खात्री दुसऱ्याला चिकटवली की भांडण सुरू होते.

तुलना करावी कशी, याचा दृष्टांत आपल्या घरातच आहे. तेरला संतमंडळी जमली असता मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले. नामदेवराय रागावले, आणि मडके कच्चे निघाले. पण नीट पाहा. थापटणे एवढेच सांगते की मडके भाजले आहे की कच्चे आहे. मडक्यांत सर्वांत मोठे कोणते, हे ते सांगत नाही. काकांनीही कोणाला पहिला क्रमांक दिला नाही. आणि त्या परीक्षेचे फळ काय? नामदेवराय विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू लाभले. ज्या परीक्षेने समोरचा पक्का होतो ती परीक्षा. ज्या परीक्षेने तो नुसता फुटतो ती निंदा.

मल्लांचा वाद आपण सोडून देऊ. पण अमुक महाराज थोर, तमुक कीर्तनकार हलका, आमची दिंडी मानाची, तुमची मागची, ही भाषा आपल्याच तोंडी येते ना? माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात. क्रमांक चालण्याच्या शिस्तीसाठी आहे. पहिल्या दिंडीतल्या वारकऱ्याला पांडुरंग अधिक आणि मागच्याला उणा, असे पंढरीत कोणी मोजत नाही. म्हणून तर येथे म्हातारासुद्धा पोराच्या पाया पडतो.

मला विचाराल तर मी खाशाबांचे नाव घेईन. माझे माप उघड सांगतो : साधन थोडे, वाट लांब, आणि पाठीशी गरिबांची वर्गणी. दुसऱ्याने दुसरे माप धरून गामाचे नाव घेतले, तर मी त्याला खोटा म्हणणार नाही. त्याच्याकडून गामाची एक कुस्ती अधिक ऐकून घेईन.

तेव्हा थोर कोण, असे कोणी विचारले तर आधी आपले माप सांगावे, मग नाव घ्यावे, आणि त्या नावासाठी दुसरे नाव खाली ओढू नये. एवढे साधले तर विसाव्यावरचा वादही सत्संग होईल.

रामकृष्ण हरी.