देवळाला शंभर मीटर, नदीला किती?

चंद्रपूर शहराचा जन्म एका नदीच्या पात्रात झाला, असे तिथली दंतकथा सांगते. पंधराव्या शतकातला गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह अंगभर उठलेल्या गाठींनी बेजार होता. शिकारीला गेला असता तहान लागली आणि झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला पाण्याने भरलेले एक लहानसे भोक सापडले. ते पाणी पिऊन त्या रात्री तो कित्येक दिवसांनी गाढ झोपला. सकाळी गाठी ओसरल्या होत्या. माती बाजूला केली तेव्हा खडकात गाईच्या पाच पावलांचे ठसे निघाले, त्यांतले पाणी उपसूनही आटेना. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले, शहर वसले, परकोट उठला. पुढे राणी हिराईने झरपटीच्याच काठी महाकालीचे देऊळ उभारले.

आजही चैत्रात नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून भाविक महाकालीच्या जत्रेला येतात. प्रथा अशी की आधी झरपटीत स्नान, मग दर्शन. प्रथा टिकली, नदीत मात्र शहराचे सांडपाणी उतरते आणि वर इकॉर्निया या जलपर्णीची हिरवी गादी पसरते. थोडे पुढे ही झरपट इरईला मिळते. त्या इरईच्या काठावर कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत.

मग प्रश्न पडतो तो धर्माचाच. जिला माणसे पवित्र मानतात, तिचे पावित्र्य तिला वाचवते का?

सरकारचे उत्तर पूररेषेचे आहे. पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकापासून महाराष्ट्रात दोन रेषा आखल्या जातात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई. निळी आणि लाल यांच्यामध्ये जोते उंच करून परवानगी. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीतही हाच सांगाडा आहे. इरईकाठच्या रहमतनगर, सिस्टर कॉलनीसारख्या वस्त्यांना 2022 च्या जुलैमध्ये या रेषांचा अर्थ पाण्याने समजावला. तिथे राहणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. स्वस्त प्लॉट कुणी पाडले आणि विकले, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

पण निळी रेषा मुळात माणसाच्या धोक्याचे गणित आहे. घर बुडेल, म्हणून बांधू नका, एवढेच ती सांगते. उन्हाळ्यात नदीला किती जागा लागते, काठावरच्या वाळूत अंडी घालणाऱ्या टिटवीचे काय, हे तिच्या हिशेबात नाही. शिवाय हा हिशेब बदलतो. 2020 च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावे पाण्याखाली घातली. तो पूर केवळ पावसाने ठरवलेला नव्हता. नदीच्या बाजूने विचार करू पाहणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने 2000 साली आणले होते. नदीपासून किती अंतरात कोणते उद्योग नकोत हे त्यात ठरवले होते. 2015 मध्ये ते रद्द झाले.

आता मार्कंडा पाहावे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरवाहिनी होते तिथली ही दगडी देवळे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे हे संरक्षित स्मारक आहे, आणि स्मारक कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवती शंभर मीटर निषिद्ध आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असते. म्हणजे काठावरच्या दगडाला कायद्याने ठाम अंतर दिले. ज्या प्रवाहाच्या दिशेमुळे ती जागा तीर्थ ठरली, त्या प्रवाहाला असे ठाम अंतर नाही. वैनगंगेच्या वाट्याला थोडेबहुत संरक्षण येते ते देवळाची शेजारीण म्हणून.

इथे परंपरेतलाच एक तिढा आहे. तीर्थाचे पावित्र्य माणसाला नदीकडे बोलावते: घाट बांधा, धर्मशाळा बांधा, भक्तनिवास बांधा, वाहनतळ करा. आणि नदी सर्वांना शुद्ध करते असे एकदा मानले, की ती स्वतः घाण होऊ शकते हे मनाला पटतच नाही. पावन करणारीला कोण विटाळणार? म्हणून निर्माल्य टाकताना हात कचरत नाही. गाडगेबाबा पंढरपूरला जाऊनही देवळात न शिरता बाहेर झाडू मारत, तो अशा समजुतींना दिलेला टोलाच होता.

गोंड-माडिया परंपरेत पवित्र जागेचा स्वभाव निराळा आहे. पेनाच्या, म्हणजे देवाच्या, ठाण्यावर, देवराईत कुऱ्हाड चालत नाही. वेळी-अवेळी जायचे नाही. तिथे देव म्हणजे आधी मनाई. एटापल्लीजवळच्या सुरजागडच्या पहाडावर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्याच पहाडात लोहखनिजाची खाण चालते, हेही खरे. म्हणजे मनाईलाही कायद्याचे बळ लागते. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांना ते मिळाले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहाडाबद्दलचा धार्मिक हक्क ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला.

हेच बळ गडचिरोलीत कागदावर आहे. वनहक्क कायदा 2006 चे कलम 5 ग्रामसभेला पाणलोट, जलस्रोत आणि आपला सांस्कृतिक वारसा राखण्याचा अधिकार देते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि जंगलाचे नियम गाव स्वतः ठरवू लागले.

याउलट नदीलाच व्यक्ती ठरवण्याचा प्रयोग उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2017 मध्ये गंगा-यमुनेसाठी केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले: उद्या पुरात कुणाचे नुकसान झाले तर नदीच्या पालक अधिकाऱ्यांवर दावा लावायचा का? चार महिन्यांत स्थगिती मिळाली. प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण त्यातून एक गोष्ट दिसते. नदीला देवी म्हणणे आपल्याला जड जात नाही, तिच्यामुळे आपल्यावर बंधन आले की जड जाते.

चंद्रपूर शहराला ग्रामसभा नाही, पण देवस्थाने आहेत, आणि त्यांचा शब्द लोक ऐकतात. नगररचना विभागाच्या नोटिशीची वाट न पाहता झरपट, इरई आणि वैनगंगेकाठच्या विश्वस्तांनी एक ठराव करावा: निळ्या रेषेच्या आत देवाच्या नावाने नवे काहीही बांधले जाणार नाही, सभामंडपही नाही. आणि तो ठराव देवळाच्या दाराशी, आरतीच्या वेळापत्रकाशेजारी लावावा.