वजाबाकीची माया

घरातला लॅब्रॅडॉर नऊ-दहा वर्षांचा झाला की कपाटाचा एक कप्पा हळूहळू त्याच्या नावावर होतो. सांध्यांसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या, केसांसाठी फिश ऑइल, पोटासाठी प्रोबायोटिक आणि ‘इम्युनिटी’साठी कसलीशी पावडर. प्रत्येक डब्यावर एक हसरा कुत्रा.

आपण स्वतःसाठी व्हिटॅमिनची गोळी घेतो, तेव्हा ती गिळणारा आणि ‘बरं वाटतंय का’ याचं उत्तर देणारा माणूस एकच असतो. कुत्र्याच्या बाबतीत गोळी त्याच्या पोटात जाते आणि बरं वाटल्याचं सर्टिफिकेट मात्र आपण देतो. म्हणून ‘कुठलं सप्लिमेंट चांगलं?’ हा प्रश्न खरेदीचा वाटला, तरी मुळात नीतीचा आहे. ज्याला हो-नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीनं ठरवताना कशावर विश्वास ठेवायचा?

निव्वळ स्वतःच्या डोळ्यांवर तरी नको. सांधेदुखीनं लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना औषध म्हणून प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी दिली होती. पाय किती जोर देऊन टेकतोय, हे यंत्रानं मोजलं. यंत्राच्या मते जे सुधारले नव्हते, त्यांतले बरेच कुत्रे मालकांना सुधारलेले दिसले. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही दिसले! खोटं कुणीच बोलत नव्हतं. माया अशीच बघते.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कुत्र्यानं पोळी पळवली, तर कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. प्राणिमात्रात देव बघण्याची ती गोष्ट. वाटी घेऊन आपणही धावतोच आहोत. पण आपल्यासमोरचा कुत्रा भुकेला नाही, तो सोफ्यावर पसरलाय आणि जरा जाडच झालाय. त्याला अजून काय घालायचं, याआधी त्याला काय कमी आहे, हे विचारायला हवं.

कुत्र्याचं यकृत क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतं. निरोगी कुत्र्याला ते वरून द्यावं लागत नाही. ड जीवनसत्त्व त्याला आहारातूनच मिळावं लागतं, पण ते फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडन्या खराब होतात. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला संतुलित तयार खाद्यावर आणखी कॅल्शियमचं सिरप पाजलं, तर हाडं मजबूत होण्याऐवजी वाकडी वाढू शकतात. त्या कोवळ्या वयात जादा कॅल्शियम शोषून घेणं शरीराला थांबवता येत नाही.

मग सगळंच फोल? तसंही नाही. कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवरच्या अनेक अभ्यासांचा २०२२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यात ओमेगा-३ चा उपयोग दिसला, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा दिसला नाही. आणि कुत्रा घरच्या भात-चिकनवरच असेल, तर कॅल्शियमसकट बरंच काही खरोखर कमी पडतं. तिथे डॉक्टरांना विचारून पूरक द्यायलाच हवं.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते ४८ लॅब्रॅडॉरच्या अभ्यासानं. पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, जन्मभर. निष्कर्ष २००२ मध्ये आले. भरपूर खाणाऱ्यांतले निम्मे ११.२ वर्षांपर्यंत गेले होते. कमी खाणाऱ्यांत तो टप्पा १३ वर्षांवर आला. सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठत होती. जवळजवळ दोन वर्षं, आणि ती ताटातून काढून ठेवलेल्या पाव हिश्श्यातून आली.

ही वजाबाकी जमत नाही. चिकनच्या चवीची गोळी दिली की शेपूट हलते. वाटीत कमी वाढलं की तो नुसता बघत राहतो. बेरजेतलं प्रेम त्याला लगेच कळतं. वजाबाकीतलं त्याला कधीच कळणार नाही. तरी करायचं का? मला वाटतं, करायचं. भलं कुणाचं व्हायचंय, याची परीक्षा तिथेच होते.

कुणी म्हणेल, पैसे माझे, मनाचं समाधान माझं, बिघडलं काय? निरुपद्रवी गोळीपुरतं मान्य. पण म्हातारा कुत्रा जिन्याशी अडतो, आपण पावडर सुरू करतो आणि ‘दोन महिने बघू’ म्हणतो. त्या दोन महिन्यांत समाधान आपलं असतं आणि दुखणं त्याचं. त्याला कदाचित डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक हवं होतं.

म्हणून डबा उघडण्याआधी तीन प्रश्न: काय कमी पडतंय? ते कुणी तपासलं? आणि उपयोग होत नसेल तर मला कशावरून कळेल? तिसऱ्यासाठी हातातला फोन पुरे. आज आणि सहा आठवड्यांनी, त्याच जागी, त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढा. आधीचा कुठला ते न सांगता दोन्ही एखाद्या मित्राला दाखवा. त्याला फरक सांगता आला नाही, तर ती गोळी बहुधा आपण स्वतःसाठीच विकत घेतोय.