बारीक नळी

खांदा कॉलनीत एक मुलगी आजी-आजोबांजवळ राहत होती. तिला पेशी, जिवाणू, झाडं-झुडपं यांचा भारी नाद. बारावीनंतर तिने जीवशास्त्राचीच वाट धरली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं वेळापत्रक लागलं आणि पाहते तर त्यात भौतिकशास्त्राचा पेपर! ती वैतागली. मैत्रिणींनी उपाय सांगितला: सूत्रं पाठ कर, जर्नल उतरवून काढ, पास हो आणि विसरून जा. तिला तो पटला.

त्याच सुमारास आजोबा डॉक्टरांकडे जाऊन आले. हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. गोळ्या, पथ्य, रोजचं चालणं सांगितलं होतं. आजोबांनी सगळं हसण्यावारी नेलं. "अगं, निम्मी उघडी आहे ना? मग निम्मं रक्त जातंच की. या वयात निम्मं पुष्कळ झालं." मुलीलाही हिशेब बरोबर वाटला. आजी काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात श्यानतेचं, म्हणजे द्रवाच्या दाटपणाचं, प्रॅक्टिकल होतं. सरांनी तिला सारख्या लांबीच्या दोन काचेच्या कॅपिलरी दिल्या. एकीचं छिद्र दुसरीच्या निम्म्या व्यासाचं. पाण्याची पातळी तीच ठेवायची, वेळ तोच द्यायचा. रुंद नळीतून मोजपात्रात 80 मिलिलिटर पाणी जमलं. बारीक नळी लावण्याआधीच तिने जर्नलात पेन्सिलीने 40 लिहून टाकलं.

पाणी थेंब थेंब पडत राहिलं. वेळ संपला तेव्हा पात्रात 5 मिलिलिटर होतं. नळीत कचरा असणार, म्हणून तिने ती धुतली, फुंकून पाहिली, पुन्हा लावली. पुन्हा 5.

सर शेजारी येऊन उभे राहिले. "नळी साफ आहे. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. सूत्रात त्रिज्येचा चौथा घात आहे. पाठ आहे ना?"

पाठ होतं.

"ज्याने हे शोधलं तो पॉइझेल पॅरिसचा डॉक्टर," सर म्हणाले. "1828 साली त्याने रक्ताचा दाब पाऱ्याच्या नळीने मोजला. मग बारीक वाहिन्यांतून रक्त कसं जातं हे कळावं म्हणून काचेच्या नळ्या घेऊन वर्षानुवर्षं मोजत बसला."

मुलीने 40 खोडलं.

संध्याकाळी तिने आजोबांसमोर जर्नल उघडलं. "आजोबा, रक्तवाहिनी काही काचेसारखी ताठ नसते, आणि शरीर थोडंफार सांभाळूनही घेतं. पण निम्म्या रुंदीतून निम्मं जातं, हे चूक आहे. हे बघा, 80 आणि 5." आजोबांनी दोन्ही आकडे बराच वेळ पाहिले. मग चपला घातल्या आणि खांदेश्वराच्या देवळापर्यंत चालून आले. दुसऱ्या दिवशीही गेले. गोळीची आठवण आजीला करावी लागली नाही.

सूत्र मुलीला आधीही येत होतं, पण आजोबांच्या छातीशी त्याचं नातं तिला त्या 5 मिलिलिटर पाण्याने दाखवलं. पुस्तकं दोन असतात, म्हणून विषय दोन वाटतात. शरीरात ते एकत्रच चालतात. श्यानतेच्या 'पॉइज' या एककाला नाव मिळालं ते त्या डॉक्टरचंच.