परवान्याची पाटी आणि मनाची साक्ष

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे, आणि दर महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. यात्रेच्या दिवसांत भांगेची गोष्ट घरोघर निघते. अशाच एका प्रसंगी बदलापूरच्या एका तरुणाने आपल्या मामांस एक प्रश्न विचारला, आणि मामांनी तो आमच्याकडे आणिला. तरुण म्हणाला, "मामा, मी कामानिमित्त जैसलमेरास गेलो होतो. तेथे भर रस्त्यावर सरकारमान्य भांगेचे दुकान आहे. वर पाटी लावलेली आहे, आणि दुकानदारास कोणी वाईट म्हणत नाही. तीच भांग येथे परवान्यावाचून बाळगली तर गुन्हा. मग ती वस्तू मुळात वाईट आहे की नाही, ते मला सांगा." मामा म्हणाले, "बाळा, सरकार नको म्हणते ते करू नये." त्यावर भाच्याने विचारले, "आणि सरकार हो म्हणते ते करावे काय?" मामा निरुत्तर झाले.

प्रश्न पोरकट नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी कायदा काय म्हणतो हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण या बाबतीत पुष्कळ लोक ऐकीव गोष्टींवर विसंबतात.

झाड एकच आहे. त्याच्या फुलोऱ्यास गांजा म्हणतात, त्याच्यापासून काढलेल्या राळेस चरस म्हणतात, आणि पानांची भांग होते. सन १९८५ साली हिंदुस्थान सरकारने अमली पदार्थांविषयी जो कायदा केला, त्यात चरस व गांजा यांस बंदी आहे. परंतु फुलोरा बरोबर नसेल तर पाने व बिया यांस गांजाच्या व्याख्येतून वगळिले आहे. सन १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही अशीच व्याख्या होती. सन २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका आरोपीस जामीन देताना भांग ही या कायद्याखाली येत नाही असेच म्हटले. भांगेचे नियमन करणे हे प्रांतांकडे राहिले. म्हणून राजस्थान व उत्तर प्रदेश येथे तिची दुकाने परवान्याने चालतात. महाराष्ट्रात मात्र सन १९४९ चा दारूबंदीचा कायदा तिला लागू असून परवान्यावाचून तिचा व्यवहार करता येत नाही. उत्तराखंड सरकारने तर सन २०१८ पासून धागा व बी यांकरिता या झाडाच्या लागवडीस परवाने दिले. अट एवढीच की, त्यातील मादक अंश शेकडा ०.३ हून अधिक नसावा.

परदेशाकडे पाहिले तर भेद याहूनही मोठा दिसतो. कॅनडा देशात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सज्ञान माणसास वाळलेला गांजा ३० ग्रॅमपर्यंत जवळ बाळगण्याची मोकळीक आहे. तेथेही वयाची अट सर्वत्र सारखी नाही: अल्बर्टा प्रांतात १८ वर्षे, बहुतेक प्रांतांत १९, आणि क्विबेकात २१. आमच्याकडील एखादा विद्यार्थी टोरांटोस शिकावयास गेला, तर तेथे जे त्याच्या खिशात निर्धास्त राहील, ते विमानातून घेऊन मुंबईस उतरला तर त्यास तुरुंग दाखवील.

यावरून काय दिसते? कायद्याची रेघ ही झाडाच्या कोणत्या भागावर, किती वजनावर, कोणत्या वयावर आणि कोणत्या सरहद्दीवर ओढिली आहे, यावर सर्व अवलंबून असते. ती रेघ निरर्थक आहे असे आम्ही म्हणत नाही. राज्यास कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती पाळणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. परंतु कायदा आपणास इतकेच सांगतो की, सरकार कोणास शिक्षा करील. माणसाने कसे जगावे, हे सांगण्याचे काम त्याने कधी अंगावर घेतलेले नाही. जैसलमेरची पाटी म्हणजे शिपाई तुला धरणार नाही, एवढेच वचन होय. ती वस्तू तुझ्या हिताची आहे, असे प्रशस्तिपत्र नव्हे. पौलाने करिंथकरांस लिहिताना मोकळीक आणि हित या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत हे फार पूर्वी दाखवून दिले आहे, आणि ते ओळखावयास ख्रिस्तीच असले पाहिजे असेही नाही.

येथे आमच्याच बाजूच्या लोकांचा एक दोष सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. सन १८९३ साली पार्लमेंटचे सभासद व मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते विल्यम केन यांनी हा प्रश्न उपस्थित केला, आणि हिंदुस्थान सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सात जणांचे कमिशन नेमिले. त्यात कपूरथळ्याच्या राजघराण्यातील ख्रिस्ती गृहस्थ कंवर हरनामसिंग हे होते. आपल्या देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे ते वडील. कमिशनने ११९३ साक्षी घेतल्या. गांजामुळे माणसे वेडी होतात, असे तोपर्यंत सर्वत्र समजले जात असे, आणि वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे पुरावा म्हणून दाखविले जात. कमिशनने सन १८९२ सालच्या नोंदी एकेक करून तपासिल्या, तेव्हा पुष्कळ ठिकाणी असे आढळले की, रोगी आणणाऱ्या पोलिसाने विचारपूस न करिताच कारणाच्या रकान्यात गांजा लिहिले होते, आणि तेच पुढे आकड्यांत चढले होते. सन १८९४ च्या अहवालात कमिशनने म्हटले की, माफक सेवनापासून सामान्यतः विशेष अपाय दिसत नाही, अतिसेवन अपायकारक आहे, आणि सर्वस्वी बंदीपेक्षा कर व परवाना यांनी आळा घालणे बरे. दोन सभासदांनी आपले भिन्न मतही जोडिले.

हा निकाल व्यसनाविरुद्ध झटणाऱ्या पुष्कळांस रुचला नाही. परंतु खोट्या रकान्यावर उभारलेली चळवळ टिकत नाही. आजचे वैद्यशास्त्र त्या अहवालाच्या पुढे गेले आहे. वाढत्या वयातील मुलांस ही नशा अधिक बाधते, स्मरण व अवधान मंदावतात, वाहन चालविणाऱ्याचा हात चुकतो, कित्येकांस सवय जडते, आणि ज्यांच्या मनाचा तोल मुळात नाजूक असतो त्यांस बुद्धिभ्रंशाचे भय वाढते, हे आता ठाऊक आहे. त्याचबरोबर काही आजारांत तिच्या घटकांचा औषधी उपयोग होतो हेही खरे. सन २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने ही वनस्पती अत्यंत कडक यादीतून काढिली, तेव्हा आपल्या देशानेही त्या बाजूने मत दिले. मुलांस भीती घालण्याकरिता जो बाप दहापट सांगतो, त्याचे एक खोटे उघड झाले की मुले त्याच्या नऊ खऱ्या गोष्टीही सोडून देतात. सबब जेवढे खरे तेवढेच सांगावे. तेवढेही पुरेसे आहे.

आता दुसरी बाजू पाहू. उल्हासनगर हे नाव व तो दारूबंदीचा कायदा ही दोन्ही सन १९४९ ची. सिंधमधून घरदार टाकून आलेल्या लोकांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार थाटिले, आणि पुढे तेथे लहान लहान कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यात रात्रपाळी करणारा एक मुलगा आम्हांस ठाऊक आहे. त्याच्याजवळ थोडा गांजा सापडला. कायद्याच्या दृष्टीने एक किलोपर्यंतचा गांजा हा अल्प साठा होय. त्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितली आहेत. वीस किलोहून अधिक असल्यास दहा ते वीस वर्षे. म्हणजे कायद्यानेही व्यापारी आणि व्यसनी यांत मोठा फरक केला आहे. परंतु शेजाऱ्यांनी केला नाही. मुलगा सुटून आला त्या दिवशी चाळीत कोणी त्याच्या आईशी बोलले नाही; आणि यात्रेच्या दिवशी थंडाईच्या पेल्यात भांग घेऊन हसणारे गृहस्थच सर्वांत आधी तोंड फिरवून गेले.

या ठिकाणी आमच्या प्रश्नाचे खरे मर्म आहे. कायद्याची रेघ आणि विवेकाची रेघ एकच मानिली, म्हणजे दोन अन्याय होतात. सरकारने डोळेझाक केलेला पेला आम्ही निर्दोष मानितो. आणि सरकारने धरिलेला मुलगा आम्ही टाकाऊ मानितो. दोन्ही वेळा विचार करण्याचे आमचे काम आम्ही शिपायावर सोपविलेले असते.

त्याच सन १९८५ च्या कायद्यात ६४-अ या कलमाने व्यसनी माणसास एक दार उघडे ठेविले आहे. सेवनाच्या किंवा अल्प साठ्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी जर आपखुषीने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन तो पुरा करील, तर त्याजवर खटला चालत नाही. जेथे कठोर समजला जाणारा कायदादेखील परतीची वाट ठेवितो, तेथे शेजाऱ्याने ती बंद करावी काय? त्या आईबरोबर इस्पितळाच्या दारापर्यंत कोणी गेले असते, तर त्या घराचे ओझे निम्मे हलके झाले असते.

मग मामांनी भाच्यास काय सांगावे? आमच्या मते त्यांनी असे सांगावे: "बाळा, येथे आहेस तोवर येथला कायदा पाळ, कारण तू एकटा राहत नाहीस. परंतु जेथे कायदा मोकळीक देईल, तेथे स्वतःस तीन गोष्टी विचार. ही वस्तू मजवाचून राहील, पण मी तिच्यावाचून राहू शकेन काय? मी घेतली तर माझे काम व माझे घर यांचे काय होईल? आणि माझे पाहून जो धाकटा घेईल, त्यास ती झेपेल काय?" या तीन प्रश्नांचे उत्तर जैसलमेरात, टोरांटोत आणि बदलापुरात सारखेच येते.

आणि भाच्याने उद्या काही चूक केलीच, तर पोलीस ठाण्याच्या दारात पहिला मनुष्य मामाच उभा असावा. एवढे त्यांच्याने झाले, तर त्यांच्या शब्दांस वजन येईल.