मेलेल्यांनी चहाला यावे

आमच्या शाखेवर दरवर्षी एकदा दरोडा पडतो. तसे हेडऑफिसचे परिपत्रकच आहे. कामाचा एखादा शनिवार बघून, गिऱ्हाइकांची वेळ संपली की शटर अर्धे ओढायचे आणि दरोडा घालून घ्यायचा. दरोडेखोराचे काम कर्जविभागाचे अधिकारी करतात. समोरच्याला घाम फोडण्याचा सराव त्यांना रोजचाच आहे. पिस्तूल माझ्या भाच्याचे असते. चाप ओढला की त्यातून हिरवा दिवा लागतो आणि एका हिंदी गाण्याची पहिली ओळ वाजते.

यंदाच्या दरोड्यात आमचा साफ धुव्वा उडाला. धोक्याच्या घंटेचे बटण हेडकॅशियरच्या पायाशी आहे. नेमका तिथे त्यांचा जेवणाचा डबा होता. सुरक्षारक्षकाची बंदूक कपाटात होती, कपाटाची किल्ली शिपायाच्या खिशात होती आणि शिपाई रजेवर होता. साडेचार मिनिटांत सगळी रोकड लंपास! हेडकॅशियर, सुरक्षारक्षक आणि मी असे तिघे जागीच ठार. पासबुके छापायच्या यंत्राशेजारी मी जमेल तेवढा सभ्यपणे मरून पडलो होतो. तेवढ्यात शाखाधिकाऱ्यांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, "चला, मेलेल्यांनी चहाला यावं! वडे गार होतायत."

मेलो होतो तरी पहिला वडा मीच उचलला. सुरक्षारक्षक तेवढे आले नाहीत. ते फौजेतून निवृत्त झालेले सातारकडचे हवालदार. ते जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

मी बी. कॉम. असल्यामुळे कवायतीचा अहवाल लिहायचे काम माझ्याकडे असते. शाखाधिकारी म्हणाले, "लिहा, कवायत यशस्वीरीत्या पार पडली. धोक्याची घंटा तीस सेकंदांत वाजली."

"पण साहेब, ती वाजलीच नाही."

"अहो, खरा दरोडा असता तर वाजली असती!"

या युक्तिवादाला काय उत्तर द्यायचे ते वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत. मी लिहिले आणि सही ठोकली.

पण रात्री काही केल्या झोप येईना. मी स्वतःची समजूत घालून पाहिली, की बाबा रे, खेळच तो. खेळात खोटे लिहिले तर कुणाचे काय बुडाले? कॅश टॅली आहे, व्होचरे जागच्या जागी आहेत. मग टोचते आहे ते काय?

आता मला एक नाद आहे. कुणाला पोस्टाची तिकिटे जमवायचा असतो, तसा मला लढायांच्या खेळांबद्दल वाचायचा आहे. प्रत्यक्षात मी झुरळालाही वाट देणारा माणूस. म्हणूनच बहुधा असेल. त्या रात्री हे सगळे वाचन माझ्या उशाशी येऊन बसले.

सैनिकांना आधी खेळात लढवावे, मग रणात पाठवावे, ही कल्पना जुनी आहे. प्रशियाच्या तोफखान्यातला रायस्विट्झ नावाचा एक तरुण लेफ्टनंट. त्याच्या वडिलांनी असा एक खेळ रचला होता. तो सुधारून 1824 मध्ये त्याने सेनाप्रमुखांसमोर मांडला. खरा नकाशा, दोन रंगांचे ठोकळे, फासे आणि मध्ये एक पंच. शत्रूचे ठोकळे आपल्याला दिसायचे नाहीत. प्रत्यक्षात जेवढे दिसले असते तेवढेच पंच दाखवायचा. सेनाप्रमुख फॉन म्यूफलिंग आधी कंटाळत बसले होते म्हणे, पण बघता बघता ताठ झाले आणि उद्गारले, की हा खेळ नव्हेच, ही युद्धाची तालीम आहे. मग हा खेळ पलटणी-पलटणीत गेला.

यात फासे कशाला, असे मला आधी वाटायचे. मग कळले, की युद्धात हुशारी असूनही माणूस मरतो. फासा ती गोष्ट शिकवतो. म्हणजे सगळी भिस्त पंचावर आली. फासा पडेल तसा त्याने वाचला पाहिजे.

आता दुसरा पंच बघा. मे 1942. जपानी आरमाराने मिडवे बेटावरच्या स्वारीची तालीम 'यामातो' या युद्धनौकेवर टेबलावर खेळून पाहिली. अमेरिकन विमानांच्या हल्ल्याचे फासे टाकले, तर नऊ बॉम्ब लागले आणि 'अकागी' व 'कागा' ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली. पंच होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी नवाचे तीन केले. अकागी वाचली. कागा बुडालेली राहिली, पण खेळाच्या पुढच्या भागात तीही तरंगत परत आली. तिथे हजर असलेल्या जपानी अधिकाऱ्यांनीच हे पुढे लिहून ठेवले आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर उगाकीसाहेबांनी रिव्हर्सल एंट्री टाकली. ताळेबंद जुळला, सगळे खूश! पुढच्याच महिन्यात, 4 जूनला, खरी लढाई जुंपली. त्या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली. अकागी आणि कागा त्यांतल्याच. या खेपेला एंट्री फिरवायला कुणी पंच नव्हता.

यावरून जग शहाणे झाले असेल, असे तुम्हांला वाटले तर तुम्ही कधी सरकारी कचेरीत गेलेला नाहीत. साठ वर्षांनी, 2002 मध्ये, अमेरिकेने पंचवीस कोटी डॉलर खर्चून असाच एक अवाढव्य खेळ मांडला. शत्रूची भूमिका पॉल व्हॅन रायपर या निवृत्त सेनापतीला दिली. हा गृहस्थ भलताच मनापासून शत्रू झाला. संदेश चोरून ऐकले जाऊ नयेत म्हणून त्याने मोटारसायकलवरून माणसे धाडली आणि क्षेपणास्त्रे व छोट्या बोटी सोडून अमेरिकेची सोळा जहाजे बुडवली. वरिष्ठांनी काय करावे? जहाजे पुन्हा तरंगवली आणि खेळ पुढे चालू! मेलेल्यांनी चहाला यावे. व्हॅन रायपरने मधेच आपले काम सोडले. सोळा जहाजे आणि आमचे हेडकॅशियर यांत मला तत्त्वतः काही फरक दिसत नाही.

पुढे इराकला पलटणी जाऊ लागल्या, तेव्हा ठोकळ्यांच्या जागी संगणक आला. बाजारातल्याच एका खेळावरून बेतलेल्या 'दारवॉर्स ॲम्बुश' नावाच्या खेळात पोरे ट्रकचा तांडा हाकायची, रस्त्यात सुरुंग फुटायचा, दबा धरलेले लोक गोळीबार करायचे. खेळ संपला की सगळे पुन्हा पडद्यावर दाखवून 'तू इथे थांबलास का?' असे विचारायचे. खरे शिक्षण या विचारण्यात. दुसऱ्या एका खेळात अरबी बोलायला आणि छातीवर हात ठेवून नमस्कार करायलाही शिकवत. हे मला आवडले. बंदुकीआधी नमस्कार यायला हवा.

पण एका गोष्टीपाशी मी नेहमी अडखळतो. 'फुल स्पेक्ट्रम वॉरियर' या अशाच एका लढाईच्या खेळातली चित्रे पुढे वेगळ्याच कामाला आली. रणावरून परतलेल्या, रात्री दचकून उठणाऱ्या सैनिकांवर उपचार करायला संगणकावर एक खोटे इराक उभे केले, ते आधी त्याच चित्रांतून. जाण्यापूर्वीचा खेळ आणि आल्यानंतरचे औषध, दोन्हींची दुकाने अशी एका गल्लीत! मग जाताना शिकवायचे काय राहिले होते?

सोमवारी हे मी हवालदारांना विचारले. काश्मीरला कामगिरीवर जाण्याआधी त्यांच्या पलटणीलाही बॅटल स्कूलमध्ये तालीम होती. त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "पुठ्ठ्याची माणसं उभी करायचे साहेब. दार ढकललं की समोर. मी एकदा ढकललं आन् धाडकन गोळी घातली. बघतो तर पुठ्ठ्याची बाई, कडेवर पोर. उस्तादांनी काय केलं, तो पुठ्ठा काढू दिला नाही. आठ दिस तसाच, भोकासकट. जाता-येता बघायचा. पोरं हसायची. मला जेवण जायचं नाही."

"मग?"

"मग वर्षानं खरं दार ढकललं. आत म्हातारी होती. बोट थांबलं."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "आमच्या तालमीतबी मेलेले चहाला यायचे. आमी चौघं होतो. माघारी तिघं आलो. त्यापासून ते वाक्य मला ऐकवत नाही."

मला टोचत होते ते इतके साधे होते. खेळात माणसाला पराभव फुकट मिळतो. बाहेर त्याला फार किंमत पडते, आणि ती पंचाला नव्हे, दाराशी उभ्या असलेल्याला मोजावी लागते. त्या उस्तादाने पुठ्ठ्याचे भोक बुजवले नाही. उगाकींनी बुजवले. मीही बुजवले, आणि वर सही केली. खेळ खोटा असेल, पण त्यातली हार खरी नोंदवली नाही तर माणसाला त्याच्या हक्काचे काहीतरी नाकारले जाते. आणि मेलेला उठत नाही, हे कुठलाच खेळ शिकवू शकत नाही. ते सांगायला हवालदारांसारखा कुणीतरी तिथे पायरीवर बसलेला असावा लागतो.

मी नवा अहवाल लिहिला : घंटा वाजली नाही, बंदूक मिळाली नाही, तिघे मेले. शाखाधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला.

"हे हेडऑफिसला कसं पाठवायचं हो?"

"टपालाने," मी म्हणालो.

अजून तो त्यांच्या खणातच आहे. मात्र कपाटाची किल्ली आता हवालदारांच्या कमरेला असते आणि हेडकॅशियरचा डबा टेबलावर आला आहे. पुढच्या वर्षीही मी मरेनच. तशी माझी प्रकृतीच आहे. पण या वेळी घंटा वाजल्यावर मरेन. आणि वडा आधी जिन्यावर नेऊन देईन.